‘आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो’: मग भेदभाव झाला कुठे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक होत असेल तर तुम्हाला लगेच कळेल. ४० खाटांच्या एका निवासी काळजी केंद्राचा कारभार तुम्ही दोन महिन्यांपूर्वी हाती घेतलात. तिथे राहणाऱ्या एका वृद्ध बाईंच्या मुलीने लेखी तक्रार दिली आहे. आईला ऐकू कमी येतं आणि तिला जुना मानसिक आजार आहे, म्हणून तिच्या बाबतीत भेदभाव होतो, असं तिचं म्हणणं. बाई चार दिवस ‘पोट दुखतंय’ सांगत होत्या, कुणी मनावर घेतलं नाही. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं तर लघवी तुंबलेली निघाली. तुम्ही कर्मचाऱ्यांना विचारलंत, ते दुखावले. ‘आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो’ असं प्रत्येकाने सांगितलं आणि ते तुम्हाला खरंही वाटतं. आता तुम्ही तीन गोष्टी विचारता आहात: हा भेदभाव आहे का, असेल तर कुणी केला, आणि सगळ्यांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं तर भागेल का?

पहिल्याचं उत्तर, तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून: हो. दुसरा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा, तो तुम्हाला चुकीच्या दिशेला नेतोय. तिसऱ्याचं उत्तर: नाही. आता जरा सविस्तर सांगते.

मी २७ वर्षं नर्सिंगमध्ये आहे. आधी मेडिसिन वॉर्ड, मग दीर्घकालीन काळजी, आणि गेली काही वर्षं तक्रारींची चौकशी. इतक्या तक्रारी वाचल्यावर एक गोष्ट पक्की कळली. कुणाला तरी मुद्दाम त्रास द्यायचा म्हणून ड्युटीवर येणारी माणसं असतात, पण थोडी. आणि ती सापडली की काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. उरलेल्या बहुतेक तक्रारींमध्ये दोषी शोधायला गेलं की समोर एक दमलेली, बऱ्यापैकी प्रेमळ सिस्टर उभी असते. तिच्या वाट्याला १४ रुग्ण, तीन सलाईन, दोन नातेवाईक आणि एक वाजणारा फोन. ती कुठेतरी वेळ वाचवते. वेळ सगळेच वाचवतात. पण तो वाचतो कुणाच्या वाट्याचा? जो ओरडू शकत नाही, ज्याचं बोलणं कळत नाही, ज्याच्याकडे कुणी भेटायला येत नाही आणि ज्याचं म्हणणं ‘तसंही खरं नसतं’, त्याच्या. दर वेळी त्याच माणसांच्या. हेतू कुणाचाच वाईट नाही आणि परिणाम मात्र भेदभावाचा, असं हे प्रकरण असतं. म्हणून चौकशीत मी हेतू शोधत बसत नाही, फरक शोधते. गरज तेवढीच असताना एकाला काळजी कमी किंवा उशिरा मिळाली का? आणि त्यामागचं कारण गरजेशी संबंध नसलेलं होतं का: वय, जात, धर्म, लिंग, भाषा, अपंगत्व, मानसिक आजार, लठ्ठपणा, गरिबी? या दोन प्रश्नांचं उत्तर ‘हो’ आलं की मला तेवढं पुरतं.

आता ‘सारखंच वागवतो’ या वाक्याकडे येऊ. कर्मचारी खोटं बोलत नाहीयेत. अडचण त्या ‘सारखं’ या शब्दात आहे. औषधाची वेळ झाली की दारातून हाक मारायची, हा नियम सगळ्यांना सारखा असेल. पण जिला ऐकूच येत नाही तिच्यापर्यंत काय पोचतं? काहीच नाही. तक्रार असेल तर फॉर्म भरा, हेही सारखंच. लिहिता न येणाऱ्याची तक्रार मग कधी नोंदलीच जात नाही. ब्रिटनच्या २०१०च्या समानता कायद्यात याची फोड बरी केली आहे. उघड वेगळी वागणूक देणं हा प्रत्यक्ष भेदभाव. नियम सगळ्यांना एकच, पण त्याचा जाच विशिष्ट लोकांनाच, आणि तो नियम असायलाच हवा असं सबळ कारणही देता येत नाही, हा अप्रत्यक्ष भेदभाव. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २००६चा करार तर त्याच्याही पुढे जातो. माणसाच्या गरजेप्रमाणे करता येण्याजोगा, झेपणारा बदल नाकारणं हाच भेदभाव, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे तुमच्या केंद्रात त्या बाईंसाठी वेगळं काही केलं नाही, ही बचावाची बाजू होऊच शकत नाही. तक्रार नेमकी त्याचीच आहे.

ऐकू कमी येणाऱ्यांबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण हे दुखणं कुणालाच मोठं वाटत नाही. मी जिथे जिथे काम केलं तिथे श्रवणयंत्र बहुधा खणात सापडलं. बॅटरी संपलेली, किंवा नळी मळाने बुजलेली, किंवा घालायचं कसं ते नव्या मावशींना माहीत नाही. यंत्र बंद पडलं की माणूस प्रश्नाला भलतंच उत्तर देऊ लागतो. दोन दिवसांत केसपेपरवर ‘गोंधळलेली’ असा शेरा येतो. आणि खरी गंमत पुढे आहे (गंमत म्हणायचं जिवावर येतं): बॅटरी बदलली तरी शेरा तसाच राहतो. मग पोट दुखतंय म्हटलं तरी ते गोंधळलेल्या बाईचं बोलणं होतं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २०१६पासून यासाठी काही पायऱ्या बंधनकारक आहेत: या माणसाशी संवाद कसा साधायचा ते विचारा, नोंदवा, नोंद ठळक दिसेल अशी ठेवा, पुढच्या विभागाला कळवा, आणि प्रत्यक्षात तसं करा. पहिल्या दोन पायऱ्या सगळीकडे होतात. गाडी अडते ती तिसरीवर, कारण नोंद फाइलच्या नवव्या पानावर असते आणि हाक मारणारा माणूस फाइल उघडत नाही.

तुमच्या प्रकरणाचा गाभा मात्र मला कानात दिसत नाही. तो त्या जुन्या मानसिक आजारात आहे.

एखाद्या माणसाला एक ठसठशीत निदान असलं, की त्याची प्रत्येक नवी तक्रार त्याच निदानाच्या खात्यावर टाकली जाते. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या बाबतीत हे अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८२मध्ये दाखवलं. तेच वर्णन, तीच लक्षणं, पण ‘बौद्धिक अपंगत्व आहे’ एवढं सांगितलं की तज्ज्ञांनासुद्धा सोबतचा मानसिक त्रास दिसेनासा होत होता. निदानाची सावली म्हणा हवं तर. पुढे हाच प्रकार मानसिक आजार, व्यसन, स्मृतिभ्रंश, लठ्ठपणा अशा सगळ्यांच्या बाबतीत आढळला. लठ्ठ माणसाचा गुडघा दुखला तर वजन, धाप लागली तर वजन, पाठ धरली तरी वजन.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तुमच्या कर्मचाऱ्यांना वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नोकरीच्या सहाव्या-सातव्या वर्षी आमच्याकडे एक तिशीचा मुलगा होता. बौद्धिक अपंगत्व, बोलणं जवळजवळ नाही. तो जेवण भिरकावून द्यायला लागला. मी तीन दिवस स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘वागणुकीत बिघाड, जेवण नाकारतो.’ त्याला शांत करायचं औषध वाढवून मागितलं, तेही मीच. चौथ्या दिवशी दुसऱ्या पाळीची एक सिस्टर त्याचं तोंड धुवायला गेली आणि तिने मला हाक मारली. दाढेखाली गळू झालं होतं. तो जेवण नाकारत नव्हता, त्याला चावता येत नव्हतं. मला त्या मुलाचा राग नव्हता, उलट लळा होता. लळा असूनही मी त्याच्या तोंडात डोकावले नाही.

तुमच्या बाबतीत यात आणखी एक मेख आहे आणि ती कर्मचाऱ्यांना जरूर सांगा. मानसिक आजारावरची बरीच औषधं, आणि त्यांच्या दुष्परिणामांवर दिली जाणारी औषधंही, लघवी तुंबवतात आणि आतड्यांची हालचाल मंद करतात. क्लोझापिनसारख्या औषधाने होणारी बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते. म्हणजे अशी औषधं घेणारी बाई पोट दुखतंय म्हणाली तर संशय इतरांपेक्षा जास्त यायला हवा होता. ज्या कारणामुळे तिच्याकडे आधी धावायचं, त्याच कारणामुळे तिला थांबवलं गेलं. त्या बाई नेमकी कोणती औषधं घेत होत्या ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा डॉक्टरांकडून ते आधी तपासून घ्या.

वेदनेबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण भेदभाव सगळ्यात स्वच्छ तिथे मोजता येतो. लॉस एंजेलिसच्या एका इमर्जन्सी विभागातला १९९३मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. हातापायाचं लांब हाड मोडलेले रुग्ण. हिस्पॅनिक रुग्णांपैकी ५५ टक्क्यांना एकही वेदनाशामक मिळालं नाही. गोऱ्या रुग्णांत हे प्रमाण २६ टक्के होतं. हाड तेच, विभाग तोच. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांवर २०००मध्ये आलेल्या एका अभ्यासात तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्यांना इतरांच्या एक तृतीयांश मॉर्फिन मिळत होतं. आणि २०१६मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या अभ्यासात निम्म्याच्या आसपास गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काळ्या माणसांच्या शरीराबद्दल एक तरी भलती समजूत खरी वाटत होती, उदाहरणार्थ त्यांची कातडी जाड असते. ज्यांच्या अशा समजुती जास्त, त्यांचे उपचाराचे सल्ले काळ्या रुग्णांच्या बाबतीत चुकत होते. ही शिकलेली माणसं आहेत हे विसरू नका.

ज्याला बोलून सांगता येत नाही त्याची वेदना ओळखायला ‘पेनॅड’ नावाचं एक साधं मोजमाप आहे. श्वास, कण्हणं-ओरडणं, चेहरा, शरीराची ठेवण, आणि समजूत घातल्यावर शांत होतो का. प्रत्येकी ० ते २ गुण, एकूण १०. एखादी मावशी अर्ध्या तासात शिकते. माझ्या मते प्रगत स्मृतिभ्रंश असलेल्या प्रत्येकाच्या बाबतीत हे नाडी-तापाबरोबरच नोंदवलं पाहिजे, कुणी तक्रार करण्याची वाट न पाहता.

इथे एक आडवळण घेते. आपण भेदभाव माणसांत शोधतो, पण तो यंत्रांतही असतो, आणि तिथे तर कुणी दुखावलंही जात नाही. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर घ्या. मिशिगनमधल्या डॉक्टरांनी २०२०मध्ये दाखवलं, की यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला खरा ऑक्सिजन धोकादायक पातळीखाली, म्हणजे ८८च्या आत असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं, तर काळ्या रुग्णांत ११.७ टक्के. बीपीचा पट्टा घ्या. ज्याला सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्याला नेहमीचा बांधला तर वरचा आकडा सरासरी १९.५ने जास्त येतो, असं २०२३च्या एका अभ्यासात दिसलं. तुमच्या केंद्रात मोठा पट्टा आहे का? नसेल तर तुमच्याकडचे जाड दंडाचे काही लोक रक्तदाब नसताना गोळ्या खात असतील. झोपेच्या झोल्पिडेम या औषधाचा बायकांसाठीचा डोस अमेरिकेत २०१३मध्ये १० मिलिग्रॅमवरून ५वर आणावा लागला, कारण त्यांच्या शरीरातून ते हळू उतरतं. औषध बाजारात येऊन तेव्हा २० वर्षं झाली होती. आणि पडून राहिल्याने, दाब येऊन पाठीला होणाऱ्या जखमांची पहिली खूण ‘लाली’ असं आपण सगळेच शिकलो. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच कुठे? तिथे हात लावून पाहावं लागतं: आजूबाजूपेक्षा गरम आहे का, टणक आहे का. पाठ्यपुस्तकातली चित्रं गोऱ्या पाठींची असतात एवढंच त्याचं कारण.

संसर्गाच्या नावाखाली होणारा भेदभाव तुमच्या प्रश्नात नाही, पण नवा कारभार हाती घेतला आहे म्हणून सांगते: एकदा खाटांवरून, फायलींवरून नजर फिरवा. एचआयव्ही असलेल्याच्या फाइलवर लाल खूण, वेगळं ताट, दोन-दोन हातमोजे, असं काही दिसलं तर ते त्याच दिवशी काढा. दूषित सुई टोचली तर काहीही प्रतिबंधक औषध न घेता एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. तरी खूण एकाच्याच फाइलवर असते. ही खूण भीतीची आहे, शास्त्राची नाही. प्रत्येकाचं रक्त संसर्गजन्यच धरून सगळ्यांसाठी सारखीच खबरदारी घ्यायची, हे तत्त्व १९८०च्या दशकातच ठरलं आहे. इथे ‘सारखं’ हा शब्द योग्य जागी बसतो, आणि नेमका इथेच तो पाळला जात नाही.

तर मग करायचं काय? प्रशिक्षणाचं आधी निपटवते. मनातले पूर्वग्रह कमी करण्याच्या नऊ पद्धती १८ विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांवर वापरून पाहिल्याचा २०१६चा अभ्यास आहे. नवाच्या नवांनी त्या क्षणी परिणाम दाखवला आणि काही तासांत, फार तर काही दिवसांत तो ओसरला. माझा अनुभव तोच. प्रशिक्षणाच्या दिवशी डोळ्यांत पाणी, सोमवारी पुन्हा दारातून हाक. याउलट जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचं उदाहरण पाहा. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून द्यायचे उपचार बायकांना आणि काळ्या रुग्णांना कमी मिळत होते. त्यांनी कुणाची मनं बदलायला घेतली नाहीत. भरती करताना प्रत्येक रुग्णासाठी एक छोटी यादी संगणकावर भरणं सक्तीचं केलं. सगळ्यांना उपचार वाढले आणि फरकही मिटला. ‘मला वाटलं गरज नाही’ म्हणायची फटच त्यांनी बुजवली.

तुम्हीही अशा फटी शोधा. मी तुमच्या जागी असते तर सगळ्यात आधी पाळी बदलताना काय बोललं जातं ते आठवडाभर नुसतं ऐकलं असतं. ‘पाच नंबर कटकटी आहे’, ‘तिचं नेहमीचंच’, ‘नाटकं करतो’, ‘लक्ष वेधून घ्यायला करते’. हे चार शब्द पुढच्या पाळीचे आठ तास ठरवून टाकतात. जॉन्स हॉपकिन्समध्येच २०१८मध्ये एक प्रयोग झाला. त्याच रुग्णाची नोंद दोन प्रकारे लिहिली, एकीत असे टोमणेवजा शब्द, दुसरीत साधी भाषा. टोमण्यांची नोंद वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि निवासी डॉक्टरांनी त्याच रुग्णाला वेदनेचं औषध कमी ठरवलं. म्हणून नियम असा करा, की पाळी देताना विशेषणं नाहीत: काय दिसलं, रुग्ण स्वतः काय म्हणाला, कधीपासून, आपण काय केलं, एवढंच. सुरुवातीला लोक अडखळतात. ‘कटकटी आहे’ऐवजी ‘रात्रीत नऊ वेळा बेल दाबली, सहा वेळा लघवीसाठी’ असं म्हणायची वेळ आली, की सांगणाऱ्यालाच लक्षात येतं की ही कटकट नाही, तपासणी करायला हवी.

दुसरी फट: नवी वेदना कुणीही सांगितली, अगदी कुणीही, तर त्याच पाळीत नाडी, ताप, बीपी, पोटाला हात, आणि शेवटची लघवी-शौच कधी झाली याची नोंद. दुसऱ्या पाळीत तीच तक्रार राहिली तर डॉक्टरांना फोन. यात ‘मला काय वाटतं’ला जागा ठेवायची नाही. हा नियम तुमच्याकडे असता तर त्या बाईंची लघवी तुंबल्याचं पहिल्याच दिवशी कळलं असतं, सिस्टरच्या मनात काय होतं याच्याशी संबंध न येता.

मग मोजा. पंधरा दिवस तीन गोष्टी लिहून काढा: बेल वाजल्यापासून माणूस पोचेपर्यंतची मिनिटं, तक्रारीपासून डॉक्टरांना कळवेपर्यंतचे तास, आणि ‘गरज लागल्यास’ लिहिलेलं वेदनाशामक कुणाला किती वेळा दिलं. नंतर हे आकडे वेगवेगळ्या गटांत विभागून पाहा: ज्यांना बोलता-ऐकता येतं ते आणि येत नाही ते, ज्यांचे नातेवाईक नियमित येतात ते आणि ज्यांचं कुणीच येत नाही ते. ४० माणसांत आकडे लहान असतात. एखादा फार आजारी माणूस सरासरी बिघडवतो, म्हणून त्याला पुरावा समजू नका, कुठे पाहायचं त्याची खूण समजा. आणि एक कळकळीचं सांगणं: या आकड्यांवरून कुणाला शिक्षा करू नका. केलीत तर पुढच्या आठवड्यात सगळ्या बेलना दोन मिनिटांत उत्तर मिळालेलं दिसेल, फक्त कागदावर.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. रात्री ४० जणांमागे दोनच माणसं असतील तर वरचा कुठलाच नियम टिकणार नाही. तेव्हा मनुष्यबळाची कमतरता तक्रारीच्या उत्तरात लपवू नका आणि ढाल म्हणूनही वापरू नका. पाच दिवसांत डॉक्टर किती वेळा फेरीला आले आणि तेव्हा त्यांना हे सांगितलं गेलं का, तेही मला माहीत नाही. त्यावर जबाबदारीची वाटणी बदलेल.

वेगळी वागणूक म्हणजे प्रत्येक वेळी भेदभाव नव्हे, हेही कर्मचाऱ्यांना स्पष्ट सांगा, नाहीतर ते घाबरून हात आखडतील. पडण्याचा धोका असलेल्याला खिडकीजवळची खाट न देणं योग्य असू शकतं. मूत्रपिंड थकलेल्याला डोस कमी देणं योग्यच. मी एवढंच बघते: कारण त्या एका माणसाचं आहे की तो ज्या गटात मोडतो त्याचं? ते लिहून ठेवलंय का? आणि पुन्हा तपासायची तारीख आहे का? हे कुठे चुकतं त्याचं एक उदाहरण २०२०च्या मार्चमधलं. कोविडमध्ये अतिदक्षता कुणाला द्यायची हे ठरवताना, माणूस रोजच्या कामांत दुसऱ्यावर किती अवलंबून आहे हे दाखवणारं दुर्बलतेचं मोजमाप वापरा, असं इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने सुचवलं. ते मोजमाप बनलं होतं वृद्धांसाठी. पण धडधाकट तरुण माणूससुद्धा बौद्धिक अपंगत्वामुळे कपडे घालायला मदत घेत असेल, तर त्यावर ‘दुर्बल’ ठरत होता. अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि संस्थेने आठवड्याच्या आत दुरुस्ती केली. मोजमाप वाईट नव्हतं, भलत्या माणसांना लावलं होतं.

उलट बाजूचाही प्रश्न तुमच्यापुढे आज ना उद्या येईल. तिथे राहणारा एखादा म्हणेल, मला अमक्या जातीच्या, धर्माच्या माणसाचा हात लागायला नको. बाईने अंघोळीसाठी बाईच हवी म्हणणं वेगळं. ती लाजेची, सुरक्षिततेची गोष्ट आहे आणि ती मानलीच पाहिजे. जात-धर्माची मागणी मानायची नाही. स्मृतिभ्रंशात बोललेलं असेल तर वाद घालू नये, विषय बदलावा, थोड्या वेळाने परत जावं. शुद्धीत बोललेलं असेल तर प्रमुख म्हणून तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं, की इथे काळजी कोण घेणार हे केंद्र ठरवतं. त्या कर्मचाऱ्याला गुपचूप दुसरीकडे हलवणं ही सगळ्यात सोपी वाट आहे, आणि मग तुमच्याच माणसांना कळतं की भेदभावाबद्दलच्या तुमच्या बोलण्याला किती अर्थ आहे.

त्या मुलीला काय उत्तर द्यायचं? ‘आमचा हेतू तसा नव्हता’ याने सुरुवात करू नका. तिने हेतूबद्दल विचारलेलं नाही. चार दिवसांत कुठल्या तारखेला आई काय म्हणाली, कोणी काय नोंदवलं, काय करायचं राहिलं, हे तारखांसकट सांगा. चूक झाली हे शब्द वापरा. काय बदललं आणि ते केव्हा तपासणार ते लेखी द्या. आणि तक्रारीमुळे आईला त्रास होणार नाही एवढं म्हणून थांबू नका. पुढचा महिनाभर तुम्ही स्वतः आठवड्यातून दोनदा त्यांच्या खाटेपाशी जाणार हेही सांगा. तक्रार करणाऱ्याच्या माणसाला लोक टोचून बोलत नाहीत, फक्त त्याच्यापाशी थांबायचं कमी करतात. ते कुठल्या नोंदवहीत दिसत नाही.

शेवटी तुमच्या प्रश्नातलीच एक गोष्ट, जी मला दुसऱ्यांदा वाचताना दिसली. मुलगी काय म्हणाली ते तुम्ही लिहिलंय. कर्मचारी काय म्हणाले तेही, डॉक्टरांना काय आढळलं तेही. बाई स्वतः काय म्हणतात ते कुठेच नाही. उद्या सकाळी यंत्राची बॅटरी बदलून घ्या, त्यांच्यासमोर उजेडात खुर्ची घेऊन बसा आणि त्या चार दिवसांत काय झालं ते त्यांना विचारा. पाटी-पेन्सिल सोबत असू द्या. घाई नसलेली वेळ निवडा, कारण पहिली दहा मिनिटं कदाचित त्या काहीच बोलणार नाहीत.